धुराडे आधी की पत्रे आधी?

वैशाख लागला की आमच्या परभणी जिल्ह्यात एका गोष्टीची धास्ती असते. दुपारपर्यंत ऊन अंग भाजून काढते, चार वाजता आभाळ भरून येते आणि पावसाच्या आधी वावधान सुटते. पाऊस पुष्कळदा दहा मिनिटांचा, वारा पाच मिनिटांचा. पण तेवढ्यात वस्तीवरचे पत्रे शेजारच्या वावरात जाऊन पडतात आणि चुलीच्या धुराची नळी मोडून अंगणात येते. दुसऱ्या दिवशी पत्रे गोळा करायला सारे घर धावते. नळीचे तुकडे मात्र कोपऱ्यात ढकलले जातात. "तिचं पुढं बघू," असे घरातला कर्ता म्हणतो. ते 'पुढं' काही येत नाही. मृगाचा पाऊस लागतो, दार-खिडकी लावून घ्यावी लागते, आणि त्या कोंडलेल्या घरात आपली माय, आपली वहिनी, आपली लेक डोळे पुसत भाकरी थापीत बसते.

आज या सदरात आम्ही त्या मोडक्या नळीविषयी लिहिणार आहोत. विषय लहान वाटेल, पण आमच्या मते घरात पैसा कमी असला म्हणजे कोणाचे काम आधी होते आणि कोणाचे मागे राहते, हे त्या नळीइतके दुसरे काही सांगत नाही.

पुस्तकी भाषेत या नळीला धुराडे म्हणतात, कोणी चिमणी म्हणतात. आमच्या लोकांत चिमणी म्हटले की रॉकेलची ढणढणती चिमणीच आठवते, तिच्या उजेडात कितीतरी जणांनी दहावीचा अभ्यास केला आहे. म्हणून आम्ही इथे साधे नळी आणि धुराडे हेच शब्द वापरू.

जुन्या माळवदाच्या घरांना छतालाच एक भोक ठेवीत. कोणी त्याला साणे म्हणत, कोणी सवणे. उजेड त्यातून यायचा आणि धूरही त्यातूनच जायचा. पाऊस आला की वरून परात किंवा फरशी झाकायची. पण माळवद होते ते गावातल्या वाड्यांना. आमच्या वाडवडिलांच्या झोपड्या तुराट्यांच्या आणि पाचटाच्या. तिथे धूर सगळ्या छपरातूनच झिरपायचा, आणि त्यात राहणाऱ्यांच्या छातीतूनही. पुढे पत्रे आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा जड दगड-मातीच्या छपरांखाली माणसे गाडली गेली आणि साऱ्या मराठवाड्यात हलक्या पत्र्याला मान आला. पत्र्याने पावसापासून वाचवले हे खरे, पण पाचटातून जाणारा धूर त्याने कोंडून ठेवला. म्हणून पत्र्याच्या घरात नळी ही चैनीची वस्तू नव्हे.

धुराची नळी असलेली चूल ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता त्या काळात, त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू या अभियंत्याने बिनधुराच्या चुलीवर काम केले आणि १९५३ साली त्यावर पुस्तिका काढली. पुढे १९८० नंतर केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. २००२ साली तो कार्यक्रम संपला. त्यातल्या पुष्कळ चुली का बंद पडल्या, याचे उत्तर कोणत्याही वस्तीत मिळेल. नळी फुटली, ती बदलायला कोणी आले नाही, आणि घरच्यांनी त्या भोकात गोणपाटाचा बोळा कोंबला. चूल द्यायला योजना होती, नळी दुरुस्त करायला नव्हती.

"आता गॅस आला, चुलीचे काय घेऊन बसलात?" असे कोणी विचारील. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आमच्या वस्त्यांतही शेगड्या आल्या. पण सात-आठ माणसांच्या भाकरी, आंघोळीचे पाणी, जनावराचे आंबोण एवढे सगळे टाकीवर करायचे तर महिना कसा निघणार? टाकी चहापुरती आणि पाहुण्यापुरती जपून ठेवली जाते. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातून मिळतात, गोवऱ्या घरच्या घरी थापता येतात. म्हणून गॅस असलेल्या घरातही मागच्या पडवीत चूल पेटतेच. ज्यांना घरकुल मिळाले, त्यांनीही चूल मागच्या पत्र्याखाली मांडलेली आपण पाहतोच.

या धुराचा हिशोब जगाने मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीप्रमाणे घरातल्या चुलीच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यात लहान लेकरे होती आणि उभा जन्म चुलीपुढे काढणाऱ्या बाया होत्या. दमा, छातीचे विकार, मोतीबिंदू, लेकरांचा न्यूमोनिया ही त्या धुराची देणगी आहे. आणि ज्या घराला खोलीच एक, तिथे चुलीशेजारीच लेकरू पुस्तक घेऊन बसते. बाबासाहेबांचे शाळेचे दिवस परळच्या चाळीतील एका खोलीत गेले. तीच खोली स्वयंपाकाची होती आणि तीच अभ्यासाचीही. आपल्या घरोघरी आजही तसेच आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वादळ होऊन गेले, हातात पैसा थोडा आहे, पत्रेही गेले आणि नळीही गेली. आधी काय करायचे? आमचे उत्तर असे की हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या दिवशी पत्रे चढतील त्याच दिवशी धुराडे चढले पाहिजे. आम्ही हे केवळ दयेपोटी सांगत नाही, पैशाच्या हिशोबानेही तेच स्वस्त पडते. मिस्त्री एकदा आला, शिडी एकदा लागली, पत्रा खाली आहे तोवर त्याला जमिनीवर ठेवून नीट गोल भोक पाडता आले, तर सगळे एका दिवसाच्या मजुरीत होते. पत्रे आधी ठोकले आणि नळी पुढच्या महिन्यावर टाकली, तर मिस्त्रीचा दुसरा दिवस भरावा लागतो. वर चढून छिन्नीने पत्रा फाडला जातो आणि ते वेडेवाकडे भोक पावसाळाभर गळते. गळणारे पाणी नेमके चुलीवर पडते. मातीची चूल भिजून खचते, ती पुन्हा घालावी लागते, आणि ती कोण घालते हे सांगायला नको.

दुसरे असे की पुढच्या वादळाला पत्र्यात शिरायला तेच भोक सोयीचे असते. वारा वरून दाबून पत्रा मोडत नाही, तो पत्रा उचलतो. कडेला जिथे पत्रा मोकळा असेल, जिथे भोक मोठे असेल, तिथून वारा खाली शिरतो आणि पत्र्याला फुगवून उपटून काढतो. म्हणजे नळीभोवतालचे भोक नीट बंद करणे हीसुद्धा छपराचीच दुरुस्ती आहे. घरातल्या कर्त्याला बाईच्या डोळ्यांतले पाणी दिसत नसेल, तर निदान हे तरी त्याने ध्यानात घ्यावे.

कामाला हात घालण्याआधी मात्र एक गोष्ट करा. पंचनामा होण्यापूर्वी पडझड आवरू नका. मोबाइलवर घराचे बाहेरून आणि आतून फोटो काढा. घरातले माणूस त्यात उभे असावे, मोडलेली नळी आणि उडालेले पत्रेही दिसावेत. मग तलाठ्याकडे जा. त्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी जे दर ठरवून दिले होते, त्यांत पक्क्या घराची अंशतः पडझड झाल्यास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये आणि झोपडी मोडून पडल्यास ८,००० रुपये असे होते. राज्य सरकार प्रसंगी वेगळा निर्णय काढून रक्कम वाढवते, म्हणून त्या वेळचा दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावा. दोन अटी ध्यानात ठेवा. अंशतः पडझड निदान १५ टक्के असावी लागते, म्हणजे नुसती नळी पडली तर मदत मिळत नाही. आणि घर अधिकृत असावे लागते. आमच्या कितीतरी वस्त्या गायरानावर आहेत, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला ज्यांचे नाव नाही अशी घरे आहेत. वारा काही नमुना आठ पाहून येत नाही, पण मदत तो पाहूनच येते. ज्यांचे नाव अजून लागलेले नाही, त्यांनी वादळाची वाट न पाहता त्याचा पाठपुरावा चालू ठेवावा.

त्या ४,००० रुपयांची किंमत किती, तेही पाहू. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे ही मदत पुरत्या तेरा दिवसांच्या मजुरीइतकीही नव्हे. तालुक्याला चार खेपा घातल्या तर चार दिवस बुडाले. म्हणून वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज एकत्र करून एका-दोघांनी घेऊन जावेत, रोज पाळीपाळीने माणूस बदलावा. हे आपल्या वस्त्यांना नवीन नाही. १४ एप्रिलची वर्गणी आपण अशीच गोळा करतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. भाव गावोगावी वेगळे असतात, म्हणून आम्ही भाव न लिहिता वस्तू आणि मापे लिहितो.

सर्वांत आधी विजेचे पाहा. वादळानंतर घरावर आलेली वायर सोललेली असू शकते, आणि ती ओल्या पत्र्याला टेकली तर अख्खे छप्पर जिवंत होते. लाइनमनला बोलावून वायर पाहून घेतल्याशिवाय कोणी शिडीला पाय लावू नये. लेकरांना तर त्या बाजूला फिरकूही देऊ नये.

मग फुटलेल्या नळीचे तुकडे. ज्याला आपण सिमेंटची नळी आणि सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात नुसते सिमेंट नसते, ॲस्बेस्टॉस असतो. जुन्या निर्धूर चुलींच्या नळ्या पुष्कळशा त्याच्याच होत्या. तो तुटला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि छातीत जाऊन बसतात. कर्करोग वीस-तीस वर्षांनीही उद्भवू शकतो. युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्यावर बंदीच घातली आहे. आपल्याकडे अजून विकला जातो, म्हणून तो निर्धोक झाला असे नव्हे. तेव्हा तुकडे कोरड्या झाडूने झाडू नका, फोडून बारीक करू नका, लेकरांना त्याच्याशी खेळू देऊ नका. आधी पाणी मारून ओले करा, तोंडाला फडके बांधून हाताने उचला, जाड प्लॅस्टिकच्या पोत्यात घालून पोत्याचे तोंड शिवा आणि घरापासून व विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरा. अर्धी नळी शाबूत राहिली असेल तर तिला करवत लावण्यापेक्षा ती तशीच काढून ठेवा.

नवी नळी कशाची? घरात बोअरचा उरलेला प्लॅस्टिकचा पाइप पडलेला असतो, तो फुकट म्हणून बसवण्याचा मोह होतो. तो बसवू नका. तो उष्णतेने वितळतो आणि त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी असतो. जस्ताच्या पत्र्याची नळी सर्वांत बरी. बाजारात पत्र्याच्या कोठ्या आणि पेट्या करणारे कारागीर असतात, ते माप दिले की वळवून देतात. चार इंची नळीला सुमारे चौदा इंच रुंदीची पट्टी लागते, त्यात दुमडीची जागाही येते.

तेवढेही जमत नसेल तर एक स्वस्त तोड आहे. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा हॉटेलवाल्याकडून किंवा किराणा दुकानातून भंगाराच्या भावात मिळतो. त्याचा तळ आणि झाकण कापून तो एका कडेला उलगडला तर सुमारे तीन फूट लांब आणि चौदा इंच रुंद अशी पट्टी निघते, म्हणजे चार इंची नळीचा बरोबर तीन फुटी तुकडा. चार डब्यांत साधारण घराची नळी होते. डबा आधी बाहेर जाळावर धरून त्यावरचा रंग आणि तेल जाळून टाका, नाहीतर पहिले आठ दिवस घरभर वास सुटेल. हा पत्रा पातळ असतो, एक-दोन पावसाळ्यांत गंजून चाळण होतो. तरी पैसा हातात येईपर्यंत वेळ भागते. जुन्या नळीपेक्षा नवी नळी अरुंद करू नका. "तीन इंची स्वस्त पडते," असे दुकानदार म्हणेल, पण चुलीला चार इंची नळी होती ती तीन इंची केली तर धूर चुलीच्या तोंडातूनच परत येईल आणि घरचे म्हणतील की नळीचा काही उपयोग नाही.

नळीचा खालचा भाग तापतो. म्हणून चुलीपासून तीन फुटांपर्यंत विटा आणि मातीचा ओटा उचलून त्यातून धुराला वाट द्यावी, त्याच्या वर पत्र्याची नळी बसवावी. म्हणजे लेकराचा हात भाजत नाही आणि तेवढी नळीही वाचते. इथे सिमेंट वापरण्याची हौस करू नये, जाळापाशी ते तडकते. माती मात्र पाहून घ्या. काळी माती नको, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. गावठाणातली पांढरी माती, त्यात भुसा, थोडी राख आणि शेण. हे प्रमाण आम्ही सांगावे आणि आमच्या मावशी-आक्कांनी ऐकावे असे मुळीच नाही, त्यांच्या हाताला ते ठाऊक असते. आमचे सांगणे मिस्त्रीला आहे. चुलीच्या तोंडाशी बाईला विचारून काम करा. नळी कोणत्या बाजूला हवी, ओटा किती उंच हवा, उजव्या हाताला परात कुठे राहील, हे तिला विचारल्याशिवाय पहिली वीट ठेवू नका. पुष्कळ चुली वापरातून गेल्या त्या याच कारणाने. घालणारा एक होता आणि रांधणारी दुसरी होती.

वस्तीच्या जमिनीचेही असेच. गाव पांढरीवर वसते, पण आमची वस्ती पुष्कळदा त्या पांढरीच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला, काळ्या रानाला लागून. तिथे चुलीचा ओटाच दरसाल इकडे-तिकडे हलतो आणि त्याबरोबर नळी कलते. ओट्याखाली हातभर खणून काळी माती काढा आणि मुरूम भरून चोपा. खर्च फक्त अंगमेहनतीचा आहे.

आता छपरातून नळी बाहेर काढण्याचे काम. खरी कसोटी इथे आहे. पत्रा जमिनीवर असतानाच नळीपेक्षा बोटभर मोठे गोल भोक पाडा आणि त्याची कड वर वळवा. लाकडी वासा किंवा बल्ली नळीपासून निदान एक वीत दूर असावी, नाहीतर रोजच्या तापाने लाकूड आतून कोळपत जाते आणि एखाद्या रात्री पेट घेते. भोकाभोवती दोन फुटी पत्र्याचा चौकोन बसवा. त्याची वरची कड छपराच्या वरच्या पत्र्याखाली सरकलेली हवी आणि खालची कड छपराच्या पत्र्यावर आलेली हवी. पाणी वरून खाली येते, एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. त्या चौकोनाच्या कडा गोणपाटाची पट्टी आणि डांबर लावून बसवल्या तर चालतात, पण नळीला चिकटून डांबर लावू नका, ते तापून ओघळते. नळीला पत्र्याची एक छत्रीसारखी झालर पट्टीने आवळून बसवा, ती भोकाच्या वळवलेल्या कडेवर आली पाहिजे. पाऊस झालरीवरून बाजूला जातो आणि नळीला थोडे हलायलाही जागा राहते.

पत्र्यावर नळी निदान दोन फूट वर जाऊ द्या. शेजारी उंच भिंत असेल तर त्या भिंतीच्याही वर गेली पाहिजे, नाहीतर वारा भिंतीवर आदळून नळीच्या तोंडात उतरतो. पत्र्याच्या वर जोड असेल तर वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसवा, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. अगदी वर टोपी हवीच. तीन पट्ट्यांवर ती नळीच्या तोंडापासून चार इंच तरी उचललेली असावी. टोपी खाली टेकली तर धूर कोंडतो, नसली तर पाऊस थेट चुलीत येतो.

वादळात नळी मोडते ती बहुधा ताण नसल्यामुळे. नळीच्या पत्र्यावरच्या भागाला एक कडे घालून त्याला तीन बाजूंनी जस्ताची जाड तार ओढा. बांधकामाची बारीक तार एकेरी नको, ती पीळ देऊन दुहेरी-तिहेरी करा. ताराचे दुसरे टोक पत्र्याला बांधू नका, पत्र्याखालच्या बल्लीत किंवा लोखंडी अँगलमध्ये जाणाऱ्या हुकाला बांधा. विजेच्या खांबाला तर चुकूनही नको.

पत्र्यांचेही दोन शब्द. आपल्याकडे पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवण्याची रीत आहे. मोठे वादळ त्या दगडांना जुमानत नाही. पत्रा उलटतो आणि दगड खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यात पडतो. दगड काढून टाका आणि तोच पैसा हुकांवर घाला. हुक पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात नव्हे, आणि प्रत्येकाखाली डांबरी वायसर घाला. छपराच्या चारी कडांना एक सोडून एक उंचवट्याला हुक हवा, मधल्या भागात थोडे विरळ चालतील. पैसे खरोखर कमी असतील तर मध्ये काटकसर करा, कडेला करू नका, कारण उचलण्याची सुरुवात कडेपासून होते.

नळी बसेपर्यंतचे आठ-दहा दिवस फार जपायचे असतात. उडालेल्या पत्र्याच्या जागी ताडपत्री टाकलेली असते आणि खाली मोडकी नळी. त्या ताडपत्रीखाली चूल पेटवू नका. पऱ्हाटीची ठिणगी हलकी असते, वर उडते, आणि ताडपत्री क्षणात पेट घेते. तेवढे दिवस तीन दगडांची चूल अंगणात मांडा, किंवा ज्या शेजारणीचे छप्पर वाचले तिच्या चुलीवर आळीपाळीने दोन्ही घरांच्या भाकरी करा.

पूर्णा तालुक्यातील एका आक्कांनी आम्हांस सांगितले ते इथे देतो. त्यांच्या घरात पत्रे आले, हुक आले, बाहेरच्या दाराला नवे कुलूपसुद्धा आले, पण नळीला पैसे उरले नाहीत. त्या मालकाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मालकाचे जेवायचे ताट दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढेच वाढायला सुरुवात केली. "अहो, इथं बसा, भाकर गरम मिळंल." चौथ्या दिवशी मालक स्वतःच मानवतला जाऊन नळी घेऊन आले. ही युक्ती कोणत्या सरकारी पुस्तिकेत नाही, पण आम्हांस तरी ती फार पसंत पडली.

नळी बसल्यावर तिच्यात काजळी साठते, विशेषतः ओल्या काटक्या जाळल्या तर. काजळी दाटली की धूर परततो, आणि कधी ती काजळीच आतून पेटते. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, टोपी काढून दोरीला दगड आणि पोतेऱ्याचा गोळा बांधून वरून खाली दोन-तीनदा सोडावा. काम पाच मिनिटांचे आहे, पण वर चढावे लागते, म्हणून ते घरातल्या पुरुषाने किंवा मोठ्या मुलाने करावे. खाली पडलेली काजळी लेकरांच्या नाकात जाऊ देऊ नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

मृग सात-आठ जूनच्या सुमारास लागते. कारागिराकडे मे महिन्याच्या शेवटी गर्दी उसळते आणि तो तेव्हा भावही चढा सांगतो. वस्तीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकाच वेळी नळ्या वळवायला टाकल्या तर पत्र्याची पूर्ण शीट घेता येते, तुकडे वाया जात नाहीत, आणि उरलेल्या तुकड्यांतून टोप्या व झालरी निघतात. हुक ठोकायला लागणारे ड्रिल एकाने भाड्याने आणून दिवसभर सगळ्या घरांवर फिरवावे.

पुढील अंकी पावसाळ्यात धान्य आणि डाळी भुंग्यापासून कशा राखाव्यात, याविषयी लिहू.